मोठी हार्ड डिस्क आणि घरची अमानत

"किती टीबीची घेऊ?"

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला. शाळेतल्या सहकारी बाईंनी विचारला, लग्नघरात भेटलेल्या भाच्याने विचारला, कुवेतहून फोन करणाऱ्या चुलत भावाने विचारला. माझं काही संगणकाचं दुकान नाही, मी उर्दू आणि मराठी शिकवते. पण घरातले जुने कागद, फोटो आणि कॅसेटी संगणकावर घ्यायचं काम मी बरीच वर्षं करते आहे, हे मालगुंडात आणि आसपासच्या गावांत ओळखीच्यांना ठाऊक आहे. त्यामुळे रत्नागिरीला डिस्क आणायला निघण्याआधी लोक मला विचारून जातात.

माझं उत्तर त्यांना फारसं आवडत नाही. मी म्हणते, टीबीचा आकडा शेवटी ठरवू. आधी सांगा, ठेवायचं काय आहे, त्याच्या प्रती किती करणार, आणि तुमच्या पश्चात ती डिस्क कोण उघडणार?

दर वेळी तोंडी सांगण्यापेक्षा हे एकदा सविस्तर लिहून ठेवते.

आमच्यासारख्या कोकणी मुसलमान घरांत जपण्यासारखं बरंच काही असतं, फक्त ते एका जागी नसतं. आजोबांच्या पिढीतले पुरुष बोटीवर गेले, आफ्रिकेला गेले, नंतरचे आखातात गेले. त्यांची उर्दू पत्रं ट्रंकेत आहेत. टेलिफोन महाग होता तेव्हा पत्राऐवजी आवाज भरून पाठवलेल्या कॅसेटी आहेत. कुणाची पाठवणी, कुणाचं बारसं, कुणाचा पहिला हज, याच्या व्हिडिओ कॅसेटी आहेत. निकाहनामे, जुने सातबारे, शाळा सोडल्याचे दाखले, शिक्के मारलेले जुने पासपोर्ट आहेत. आणि हळदी-मेंदीच्या रात्री बायका गातात ती आमच्या बोलीतली गाणी. ती कुठे लिहिलेली नाहीत. ज्यांना ती पूर्ण येतात त्या बायका आता सत्तरीच्या पुढच्या आहेत.

२०१९-२०च्या हिवाळ्यात नागरिकत्वाच्या कायद्याची चर्चा सुरू झाली तेव्हा घराघरांत ट्रंका उघडल्या गेल्या. वडिलांचा दाखला कुठे, आजोबांचा सातबारा कुठे, नावाचं स्पेलिंग दोन कागदांवर वेगळं का, असे प्रश्न रात्री उशिरापर्यंत चालायचे. त्या दिवसांत अनेकांच्या लक्षात आलं की कागद आहेत, पण कसर लागलेले आहेत, घड्यांवर फाटलेले आहेत, किंवा तीन भावांच्या तीन घरांत विखुरलेले आहेत. स्कॅन केलेली प्रत मूळ कागदाची जागा घेत नाही हे खरं. पण मूळ हरवलं, तर नोंदणीचा क्रमांक, तारीख आणि कचेरीचं नाव तरी त्या प्रतीवरून मिळतं, आणि नवी नक्कल मागायला तेवढं हाताशी असावं लागतं.

आता हिशेब करू. ए-फोर आकाराचा कागद ३०० डीपीआयला रंगीत स्कॅन केला आणि न दाबता ठेवला, तर साधारण २५ एमबी होतो. पोस्टकार्ड आकाराचा फोटो ६०० डीपीआयला घेतला तरी जवळपास तेवढाच होतो. आमच्या सगळ्या भावकीचे मिळून साडेसहा हजार कागद आणि फोटो धरले, तर १७० जीबी झाले. छोट्या डिजिटल व्हिडिओ कॅसेटीचा एक तास १३ जीबी घेतो. अशा चाळीस कॅसेटींचे ५२० जीबी. आवाज चांगल्या प्रतीत ठेवला तर तासाला अर्धा जीबी. नव्वद-शंभर तासांचे ५० जीबी. घरातल्या पाच जणांच्या मोबाइलमधलं सगळं मिळून ६०० जीबी. बेरीज झाली १३४० जीबी, म्हणजे सव्वा ते दीड टीबी.

एवढ्या मोठ्या कुटुंबाच्या तीन पिढ्या दीड टीबीत बसतात. पुढच्या काही वर्षांची जागा धरून दुप्पट-तिप्पट घेतली, तरी ४ टीबी पुष्कळ झाली. मोबाइलवर सर्रास फोर-के व्हिडिओ काढणारं घर असेल तर ८ टीबी. म्हणून कुणी १२ किंवा १६ टीबीची एकच डिस्क घ्यायची म्हणाला की मी विचारते, त्याच पैशांत ४ टीबीच्या तीन का नाही? जागेचा दर मोठ्या डिस्कला स्वस्त पडतो, हे खरं आहे. पण १२ टीबीची एक डिस्क पडली तर हाती शून्य उरतं. ४ टीबीच्या तिन्ही डिस्क एकाच दिवशी, तीन वेगळ्या घरांत पडणं जवळजवळ अशक्य.

एका जागी ठेवण्याचा धोका काय असतो, हे आमच्या जिल्ह्याला समजावून सांगायची गरज नाही. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. २००५च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तिथली पुस्तकं भिजली. लोकांनी पुन्हा संग्रह उभा केला आणि २२ जुलै २०२१ला पुन्हा पूर आला. त्या दिवशी चिपळुणात कितीतरी घरांचे तळमजले बुडाले, त्यात संगणक होते, कपाटं होती, अल्बम होते. घरात दोन प्रती असणाऱ्यांच्याही दोन्ही प्रती गेल्या, कारण त्या एकाच खोलीत होत्या.

उलट उदाहरण आमच्या गावातच आहे. केशवसुत मालगुंडचे. त्यांच्या जन्मघरापाशी आज स्मारक आहे, आणि मुलांची सहल घेऊन येणारे शिक्षक तिथे हमखास विचारतात, त्यांचा खरा फोटो कुठे आहे? तो नाहीच. ज्या कवीपासून आधुनिक मराठी कविता सुरू झाली असं आपण शिकवतो, त्याचं एकही खात्रीचं छायाचित्र उपलब्ध नाही. तेही शिक्षकच होते. ७ नोव्हेंबर १९०५ला हुबळीत प्लेगने ते गेले. हयातीत त्यांचा संग्रह निघाला नव्हता. तरी कविता वाचल्या, कारण त्यातल्या बऱ्याच 'करमणूक', 'काव्यरत्नावली' अशा नियतकालिकांत छापून गेल्या होत्या, म्हणजे त्यांच्या प्रती आधीच दूरदूरच्या घरांत पोचल्या होत्या. मग हरिभाऊ आपट्यांनी संग्रह प्रसिद्ध केला. जे अनेक ठिकाणी होतं ते राहिलं.

आपल्या परंपरेत तर याची शिकवण फार जुनी आहे. यमामाच्या लढाईत अनेक हाफिज शहीद झाले, तेव्हा हजरत उमर (रजि.) यांच्या आग्रहावरून हजरत अबू बकर (रजि.) यांनी कुरआन एकत्र लिहून काढण्याचं काम हजरत झैद बिन साबित (रजि.) यांच्यावर सोपवलं. झैद स्वतः हाफिज होते, तरी साक्षीशिवाय त्यांनी कुणाचा लेख घेतला नाही. पुढे हजरत उस्मान (रजि.) यांच्या काळात हजरत हफ्सा (रजि.) यांच्याकडच्या प्रतीवरून नकला तयार झाल्या आणि त्या वेगवेगळ्या शहरांत पाठवल्या गेल्या. आपल्या घरचे फोटो आणि अल्लाहचं कलाम यांची तुलना मी करत नाही. पण जपणूक कशी करावी, याची रीत त्यात दिसते: एकापेक्षा जास्त प्रती, वेगवेगळी ठिकाणं, आणि प्रत्येक प्रत तपासलेली.

संगणकाच्या जगात याच रीतीला 'तीन-दोन-एक' म्हणतात. पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने ती लोकप्रिय केली. प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. आमच्याकडे मी एक प्रत संगणकाला जोडलेल्या डिस्कवर ठेवते, दुसरी घरातल्या लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात, तिसरी मुंब्र्याला बहिणीकडे. मे महिन्यात बहीण गावी येते तेव्हा तिच्याकडची डिस्क येते, ताजी होते आणि परत जाते. ज्या थोड्या गोष्टी कधीच जाऊ नयेत, म्हणजे कागदपत्रं, निवडक फोटो आणि सगळी गाणी, त्यांची एक प्रत पेनड्राइव्हवरही आहे. 'दोन प्रकारची साधनं' हा भाग तेवढ्यापुरता तरी पाळला जातो.

क्लाउडवर का नाही, असं तरुण मुलं विचारतात. ठेवावं, जरूर ठेवावं, निवडक गोष्टींसाठी. पण गूगल फोटोजमधली अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ला बंद झाली, आणि खात्यामागे १५ जीबी फुकट जागा उरली. शिवाय वर चढवायचा वेग १० एमबीपीएस मिळाला, आणि तोही न तुटता, तरी १ टीबी चढवायला नऊ दिवसांहून जास्त लागतात. पावसाळ्यात आमच्याकडे सलग नऊ तास लाइन टिकली तरी लोक खूश असतात.

आता प्रत्यक्ष निवड. बाजारात यूएसबीवर चालणारी खिशात मावेल अशी अडीच इंची डिस्क मिळते, आणि वेगळी वीज लागणारी साडेतीन इंची. छोटी सोयीची आहे, प्रवासाला बरी. मोठी एका जागी राहते, तेवढ्याच पैशांत जास्त जागा देते, आणि ४ टीबीच्या वरचं काही हवं असेल तर बहुधा तीच घ्यावी लागते. ती संगणकाच्या पेटीत बसवता येते, नाहीतर यूएसबीच्या वेगळ्या खोक्यात घालून जोडता येते. त्या खोक्याला स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर असतो, त्यावर डिस्कचं नाव लिहून ठेवा. सगळे अडॅप्टर दिसायला सारखे असतात आणि चुकीचा लावला तर डिस्क जळू शकते.

एसएसडी वेगवान आहे आणि तिच्यात फिरणारं काही नसल्यामुळे ती धक्क्याला घाबरत नाही. रोजच्या कामाला तीच घ्या. पण कपाटात वर्षानुवर्षं बिनविजेची ठेवायला ती योग्य नाही, कारण तिच्यातला विद्युतभार हळूहळू ओसरू शकतो. साठवणीच्या प्रतीला अजून तरी फिरती डिस्क बरी आणि स्वस्तही.

खरेदी करताना एक गोष्ट दुकानदार आपण होऊन सांगत नाही. डिस्कवर लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत, सीएमआर आणि एसएमआर. एसएमआरमधला पहिला शब्द आहे 'शिंगल्ड', म्हणजे छपरावर एकावर एक चढवून बसवलेल्या फळ्यांसारखं. आम्हा कोकणातल्यांना हे समजायला सोपं, कारण आमची कौलं तशीच बसतात. प्रत्येक ओळ शेजारच्या ओळीवर थोडी चढते, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त माहिती मावते. पण मधलं एक कौल बदलायचं तर वरची उचलावी लागतात. तसंच या डिस्कवर मधली माहिती बदलायची तर पुढच्या ओळी पुन्हा लिहाव्या लागतात, आणि डिस्क फार मंदावते. सीएमआरमध्ये ओळी शेजारी शेजारी, सुट्या असतात.

२०२० साली असं उघड झालं की काही डिस्क एसएमआर असूनही कंपन्यांनी तसं सांगितलं नव्हतं, अगदी सतत चालणाऱ्या साठवण-यंत्रांसाठी विकलेल्या डिस्कसुद्धा. बोभाटा झाल्यावर कंपन्यांनी याद्या प्रसिद्ध केल्या. आज मॉडेल क्रमांकावरून ते शोधता येतं. एकदा भरून कपाटात ठेवायच्या प्रतीला एसएमआर चालते. रोज बदल होणाऱ्या, किंवा दोन-चार डिस्क एकत्र बांधलेल्या यंत्राला सीएमआरच घ्या. सीगेटची आयर्नवुल्फ किंवा वेस्टर्न डिजिटलची रेड प्लस या मालिका सीएमआर आहेत. सीसीटीव्हीसाठीच्या डिस्क गावोगाव सहज मिळतात. त्या सलग चित्रीकरण लिहायला बेतलेल्या असतात, तेव्हा घरच्या साठवणीसाठी दुसरी मिळत असेल तर ती घ्या.

तिन्ही डिस्क एकाच दुकानातून एकाच दिवशी घेऊ नका. एकाच खेपेतल्या डिस्कमध्ये एकच दोष असू शकतो. दोन कंपन्यांच्या घ्या, किंवा काही महिन्यांच्या अंतराने घ्या. सीलबंद खोकं, बिल, आणि कंपनीच्या संकेतस्थळावर सीरियल क्रमांक टाकून गॅरंटीची तारीख, एवढं तपासा. आणि हे लक्षात ठेवा की गॅरंटी डिस्कची असते. डिस्क बदलून मिळेल, आत असलेला तुमच्या आजीचा आवाज मिळणार नाही.

डिस्क घरी आली, जोडली, आणि पहिला फोन येतो, "बाई, मला फसवलं. ४ टीबी सांगितली, ३.६३च दिसते." कुणी फसवलेलं नसतं. कंपनी एक टीबी म्हणजे दशमान पद्धतीने एकावर बारा शून्यं इतके बाइट मोजते. विंडोज दोनच्या पटीत, १०२४च्या हिशेबाने मोजतं आणि नाव तेच लावतं. ८ टीबीची ७.२७ दिसेल.

दुसरा फोन असतो, "मोठी डिस्क आहे पण निम्मीच वापरता येते." हे बहुधा विभागणीच्या जुन्या पद्धतीमुळे होतं. एमबीआर नावाची जुनी पद्धत साधारण २.२ टीबीच्या पुढे पाहूच शकत नाही, कारण तिच्या वहीत तेवढेच रकाने आहेत. २ टीबीच्या वरची डिस्क पहिल्यांदा लावली की विंडोज विचारतं, एमबीआर की जीपीटी? तिथे जीपीटी निवडा. भरलेल्या डिस्कवर ही निवड बदलायला जाऊ नका, आधी प्रत करा.

मग फॉरमॅट. फक्त विंडोजवर वापरायची असेल तर एनटीएफएस. ही पद्धत काय बदललं याची नोंद ठेवत जाते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी सावरण्याची शक्यता जास्त. विंडोज आणि मॅक दोन्हीवर लागत असेल तर एक्सफॅट, पण तिच्यात अशी नोंद नाही. जुनी फॅट-३२ नको, तिच्यात ४ जीबीहून मोठी एकही फाइल मावत नाही.

नवी डिस्क घेतली की मी एकदा 'क्विक' ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करते. ८ टीबीला बारा-तेरा तास लागतात, कधी जास्तही. तेवढ्यात प्रत्येक जागेवर एकदा लिहिलं जातं आणि दोष असेल तर गॅरंटीच्या पहिल्याच आठवड्यात कळतो. त्यानंतर क्रिस्टल-डिस्क-इन्फो नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये डिस्कची तब्येत पाहते. तिथे बदललेले सेक्टर आणि ताटकळलेले सेक्टर असे दोन आकडे असतात. नव्या डिस्कवर ते शून्य हवेत. पुढे कधी वाढायला लागले, तर ती डिस्क निवृत्तीला आली असं समजून दुसरी आणायची. मात्र आकडे शून्य असूनही डिस्क अचानक जाऊ शकते.

कोकणात डिस्कचे दोन शत्रू आहेत, वीज आणि दमट हवा. डिस्कची वाचणारी सुई फिरत्या तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. लिहिता लिहिता वीज गेली तर फाइल अर्धवट राहते, आणि व्होल्टेज वर-खाली होत राहिलं तर अडॅप्टर मरतो. संगणक आणि डिस्क दोन्ही यूपीएसवर हवेत. दहा मिनिटं मिळाली तरी व्यवस्थित बंद करता येतं. वायरमनला बोलावून घराचं अर्थिंग तपासून घ्या. मे अखेरीला आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की बटण बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून काढा, इंटरनेटची तारही काढा.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर कपड्यांना बुरशी येते, कॅसेटींना येते, तशी ती डिस्कच्या बाहेरच्या पट्टीलाही धरते आणि खारी हवा धातूला गंजवते. कपाटातली डिस्क मी तिच्या मूळ पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते. रंग बदलणारी सिलिका घेतली तर ती कधी भरली ते दिसतं. डबा जमिनीवर ठेवत नाही. बहिणीकडे पाठवताना सामानात टाकत नाही, टॉवेलात गुंडाळून हातातल्या पिशवीत न्यायला लावते, आणि एसीच्या डब्यातून उतरल्यावर लगेच जोडायची नाही, तासभर थांबायचं, म्हणजे आतबाहेर धरलेलं दव सुकतं.

आता नकलेविषयी. दोन डिस्कचा आरसा लावून देतो, एकावर लिहिलं की दुसरीवर आपोआप जातं, असं कुणी सांगितलं तर ते उपयोगी आहे, पण ती दुसरी प्रत नव्हे. चुकून पुसलेलंही त्याच क्षणी दोन्हीकडून पुसलं जातं. व्हायरसने फाइलींना कुलूप घातलं तर दोन्हीकडे घालतो. म्हणून एक प्रत तरी कायम सुटी, न जोडलेली हवी. नक्कल करताना नुसतं ओढून टाकण्यापेक्षा टेराकॉपीसारखा प्रोग्रॅम वापरा, तो लिहून झाल्यावर मूळ आणि नक्कल पडताळून पाहतो. दोन डिस्क सारख्या करणारे प्रोग्रॅम वापरताना कुठली मूळ आणि कुठली नक्कल हे दोनदा बघा, दिशा उलटी झाली तर नवं पुसलं जाऊन जुनं राहतं.

आणि वर्षातून एकदा सगळ्या प्रती उघडून बघा. रमजान जवळ आला की हाफिज लोक एकमेकांना कुरआन ऐकवून दौर करतात. तरावीहमध्येही मागे एक सामे उभा असतो, इमाम कुठे अडला तर लुकमा देणारा. ज्याला पूर्ण पाठ आहे, त्यालाही ऐकणारा लागतो. कपाटात बंद डब्यात ठेवलेली डिस्क ठीकच असेल, असं समजून पाच वर्षं न बघणं बरोबर नाही. मी शाबान महिन्यात हे काम करते, म्हणजे विसरायला होत नाही.

डिस्क जपली म्हणून तिच्यातलं वाचता येईलच असं नाही. नव्वदच्या दशकात उर्दूचं बरंच टायपिंग इनपेजमध्ये झालं, मराठीचं श्रीलिपी आणि कृतिदेवमध्ये. त्या फाइली आज जशाच्या तशा उघडल्या तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो, आणि इनपेजची फाइल तर इनपेज नसेल तर उघडतच नाही. शाळांच्या स्मरणिका, मदरशांचे वार्षिक अहवाल, स्थानिक कवींचे मुशायऱ्यातले कलाम यात अडकलेले आहेत. जुनं सॉफ्टवेअर चालतंय तोवर त्यांची पीडीएफ करा, मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि मूळ फाइलही सोबत ठेवा. फाइलीला नाव देताना आधी वर्ष, मग प्रसंग, मग गाव, एवढं लिहिलं तरी पुरे. 'आयएमजी' आणि चार आकडे, अशा नावाचा फोटो वीस वर्षांनी कुणालाच ओळखता येत नाही.

सगळ्यात अवघड भाग तंत्राचा नाही. गाणी रेकॉर्ड करायला मी बसले तेव्हा तीन-चार वयस्क बायकांनी आधी अट घातली: आमचा आवाज मोबाइलवर फिरता कामा नये. मी हो म्हटलं, तेव्हाच त्या गायल्या. लग्नाच्या कॅसेटींत घरच्या बायका घरात वावरतात तशा आहेत, परक्यांसाठी नाहीत. ही अमानत आहे. तेव्हा डिस्क बिघडली आणि गॅरंटीत बदलायला द्यायची वेळ आली, तर आतलं सगळं तिच्यासोबत परक्या हातांत जातं. पूर्ण मेलेली डिस्क पुसताही येत नाही.

यावर उपाय म्हणजे सुरुवातीलाच डिस्कला कुलूप घालणं. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर आहे, नाहीतर व्हेराक्रिप्ट फुकट मिळतं. पण पासवर्ड हरवला तर कुलूप कुणालाही उघडता येत नाही, मालकालाही नाही. आणि पासवर्ड एकट्या माझ्या डोक्यात असेल, तर माझ्यासोबत तीन पिढ्यांचं सगळंच दफन होईल. आमच्याकडे बायकांची गाणी आणि लग्नांचे व्हिडिओ कुलपात आहेत, कागदपत्रं आणि इतर फोटो उघडे आहेत. पासवर्ड कागदावर लिहून दोन बंद पाकिटांत, एक बहिणीकडे, एक माझ्या मुलीला ठाऊक असलेल्या जागी. गॅरंटीचे पैसे वाचवायला कुलूप न लावलेली डिस्क मी कधीही परत देणार नाही, नवी विकत घेईन.

कपाटातल्या डब्यात डिस्कसोबत एक वही आहे. कुठल्या फोल्डरात काय आहे, कुठली गाणी कुणाची आणि कुठल्या अटीवर दिलेली, कुठला कागद मूळ कुणाच्या घरी आहे, हे तिच्यात हाताने लिहिलेलं आहे. ही वही मी उर्दूत सुरू केली होती. काही पानं झाल्यावर मुलीने ती बघितली आणि म्हणाली, अम्मी, मला हे वाचायला वेळ लागतो. ती मराठी माध्यमात शिकली. उर्दू अक्षरं तिला येतात, पण घाईत लिहिलेलं माझं अक्षर येत नाही. मग तिच्या पणजोबांचं कसं येणार?

तेव्हापासून वहीत समोरासमोर दोन पानं असतात, डावीकडे मराठी आणि उजवीकडे उर्दू. पणजोबांच्या पत्रांच्या स्कॅनशेजारी देवनागरीत उतरवलेला मजकूरही मी एकेक करून ठेवते आहे. ४ टीबीत तो मजकूर इतका थोडा आहे की मोजणीत येत नाही. पण वेळ सगळ्यात जास्त त्यालाच लागतो आहे, आणि तीनशेपैकी अजून एकशे दहा पत्रं उरली आहेत.